उसना शब्द

दोन नोव्हेंबर हा मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तो ऐन कामाच्या धामधुमीत येतो. सोयाबीन नुकतेच निघालेले असते, कपाशीची वेचणी सुरू असते, तूर फुलावर आलेली असते. आपली कुटुंबेही येथे विखुरलेली; एका गावात तीन घरे, तर दुसऱ्यात पाच. तरीही त्या दिवशी मजुरी आटोपून माणसे सायंकाळी दफनभूमीत जमतात. थडग्यांवरचे गवत काढून चुन्याचा हात फिरवलेला असतो. झेंडूची फुले वाहून, मेणबत्त्या लावून प्रत्येक घर आपापल्या माणसांपाशी उभे राहते.

तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका सायंकाळी मी पवित्र पाणी शिंपडत थडग्यांच्या ओळीतून पुढे जात होतो. पस्तिशीच्या एका बाईने आपल्या सासूच्या थडग्यावर मेणबत्ती लावली, क्रुसाची खूण केली आणि ती बाजूला झाली. शेजारचेच थडगे तिच्या नवऱ्याचे होते. त्याच्याकडे तिने पाठ फिरवली होती. त्याचा अंत्यविधी दीड वर्षापूर्वी मीच केला होता. चार एकर कोरडवाहू जमीन, लागोपाठ दोन हंगामांची नापिकी, डोक्यावर कर्ज. आणि एके दिवशी त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले. २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणाही होता. तेव्हापासून आजपर्यंत असे अंत्यविधी करणे हे येथील धर्मगुरूच्या वाट्याला येतच राहिले आहे.

मेणबत्ती संपली असावी असे समजून मी माझ्या हातातली तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही.

"आज आत्म्यायचा दिवस व्हय ना फादर?" ती खाली पाहत म्हणाली. "त्यायनं त आत्माच मारला. मंग मेनबत्ती कोनासाठी लावू?"

मी काहीतरी बोललो. परमेश्वर दयाळू आहे, ख्रिस्तसभा अशा मृतांसाठी प्रार्थना करते, असेच काही. तिने ते ऐकून घेतले आणि लहानपणी पाठ केलेले एक वाक्य, शाळेतल्या कवितेसारखे, एका दमात म्हणून दाखवले : आत्महत्या म्हणजे आपल्याच आत्म्याची हत्या. तिचे स्वतःचे बोलणे वऱ्हाडी. हे वाक्य मात्र शुद्ध पुस्तकी मराठीत होते. ते ऐकताच माझ्या हातातले पाण्याचे भांडे जड झाले. ते वाक्य मी ओळखले होते, कारण ते मीच लिहिलेले होते.

वाचकहो, हा लेख त्या वाक्याची कबुली आहे.

ही गोष्ट १९९८ सालची. मला गुरुदीक्षा मिळून दोनच वर्षे झाली होती. सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान ताजे होते, मराठीवर थोडीफार पकड आहे असा गर्वही होता. प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करणाऱ्या मुलांसाठी सोपी प्रश्नोत्तरे हवी होती. एक इंग्रजी पुस्तिका समोर ठेवून मी ती चार रात्रींत मराठीत उतरवली. सायक्लोस्टाइल यंत्रावर तिच्या प्रती निघाल्या, धर्मशिक्षकांच्या पिशव्यांतून त्या गावोगाव गेल्या, पुढे कोणीतरी त्या पुन्हा छापल्या. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. मला ती नम्रता वाटली होती.

पाचव्या आज्ञेखाली मूळ इंग्रजी मजकूर सरळ होता. जीवन ही परमेश्वराची ठेव आहे, आपण तिचे मालक नसून राखणदार आहोत, म्हणून स्वतःला मारणे हे गंभीर पाप होय, एवढाच त्याचा आशय. मला तो मुलांच्या दृष्टीने लांबट वाटला. मी शब्द फोडला : आत्मा आणि हत्या. वाक्य कसे आपोआप जुळून आले! त्याला ठेका होता, मुलांना ते एका दिवसात पाठ झाले. मूळ मजकुरात नसलेली एक गोष्ट मी त्यात घातली आहे, हे माझ्या लक्षातही आले नाही. दुसरी चूक गाळण्याची. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात याच विषयाखाली असे म्हटले आहे, की तीव्र मानसिक व्यथा, यातनांची वा संकटाची भीती यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. त्याच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, केवळ परमेश्वरालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्याला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. हा भाग मी वाचलेला होता. लहान मुलांना तो कशाला, असे म्हणून मी तो सोडून दिला.

त्या लहान मुलांपैकी एक मुलगी मोठी झाली, नांदायला आमच्या धर्मग्रामात आली, आणि तिच्या वाट्याला हे दुःख आले. १९१७ सालची धर्मसंहिता जाणूनबुजून स्वतःचा अंत करून घेणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारत असे. १९८३ च्या संहितेने ती मनाई काढून टाकली. म्हणजे ख्रिस्तसभेने त्या शेतकऱ्याच्या देहाला दफनभूमीत जागा दिली होती, आणि माझ्या एका वाक्याने त्याच्या बायकोच्या मनात त्याचा आत्मा फाटकाबाहेर ठेवला होता.

त्या रात्री मी स्वतःचा बचाव करून पाहिला. मरणप्राय पापाने आत्म्यातील कृपेचे जीवन नष्ट होते, हे आपण शिकवतोच ना? पण त्याच शिकवणीत पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती या दोन अटी आहेत, आणि त्या माणसाच्या शेवटच्या घटकेला त्या किती पूर्ण होत्या हे तोलणारा मी कोण? शिवाय आत्मा अमर आहे, माणसाच्या हाताने त्याला मारता येत नाही, ही तर आपलीच शिकवण. म्हणजे माझे वाक्य ऐकायला कठोर होते म्हणून चूक नव्हते; ते ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणेच चूक होते.

मग मी सेमिनरीतले ग्रीक नव्या कराराचे पुस्तक काढले. ज्याला आपण आत्मा म्हणतो त्यासाठी तेथे दोन शब्द आहेत : प्स्युखे आणि प्नेउमा. त्यांच्यामागे हिब्रूतील नेफेश आणि रूआख. नेफेश म्हणजे घसा, श्वास, भुकेला-तहानेला जीव, जिवंत माणूस स्वतः. रूआख म्हणजे वारा, श्वास, परमेश्वराचा प्रेरक आत्मा. मराठीत आपण या दोन्हींसाठी बहुधा एकच शब्द वापरतो. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी संत पौल दोन्ही शब्द एकत्र आणतो, तेव्हा अनुवादकाला आत्मा आणि जीव अशी वाटणी करावी लागते. इतरत्र हाच प्स्युखे कधी जीव होतो, कधी प्राण, कधी आत्मा. उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी जे देतो तेही प्स्युखेच. आपल्या अनुवादांत तो प्राण देतो. जीव देतो असे लिहिले असते तरी अर्थ बिघडला नसता. पण गावात 'त्याने जीव दिला' असे कोणाविषयी म्हणतात हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या अनुवादकाने तेथे 'प्राण' निवडला, त्याने केवळ शब्दकोश पाहिलेला नाही. शब्द कोणाच्या कानावर पडणार आहे याचाही त्याने विचार केलेला आहे. मी नेमके तेवढेच केले नव्हते.

चर्चच्या मागे एक निवृत्त मराठीचे शिक्षक राहतात. माळकरी आहेत, दरवर्षी पंढरीची वारी करतात. संध्याकाळी माझ्याकडे चहाला येतात. दोन दिवसांनी मी त्यांना सारा प्रकार सांगितला. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "फादर, आत्मचरित्र लिहिणारा काय आपल्या आत्म्याचे चरित्र लिहितो?"

मी गप्प राहिलो.

"आत्मविश्वास, आत्मपरीक्षण, आत्मस्तुती," ते बोटांवर मोजू लागले. "यांतला 'आत्म' म्हणजे नुसता 'स्वतः'. संस्कृतात आत्मन् शब्द सर्वनामासारखा चालतो. आत्महत्या म्हणजे स्वतःची हत्या, बस. आत्म्याला मारता येत नाही हा तर आमच्या गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा विषयच आहे. आणि गंमत सांगू? आपला 'आपण' हा शब्दही त्याच आत्मन् पासून प्राकृताच्या वाटेने आलेला आहे."

थोडे थांबून ते म्हणाले, "शब्द आमच्याकडून नेलात, त्याचे वाईट वाटत नाही. भाषा कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. पण नेताना त्याचा इतिहास विचारायला हवा होता."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. व्याकरणाचा एवढा साधा मुद्दा! पण तो मला सुचला नाही, त्या बाईलाही सुचला नाही, याचे कारण उघड आहे. प्रार्थनेत, धर्मशिक्षणात, मृतांच्या मिस्सेत पिढ्यान्‌पिढ्या आपण आत्मा हा शब्द एकाच अर्थाने उच्चारत आलो. शेजाऱ्याच्या घरून आणलेले भांडे आपल्या चुलीवर इतकी वर्षे राहिले, की ते मुळात कशासाठी घडवले होते याचा विसर पडला. मग बाजारात, वर्तमानपत्रात, पोलिसांच्या पंचनाम्यात तोच शब्द आला, की आपल्या माणसांना तो आपल्या अर्थाने ऐकू येतो आणि नको तेथे कापतो.

धर्माचे भाषांतर करणाऱ्यांपुढे ही अडचण फार जुनी आहे. ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानला गेले. तेथील एका नवख्रिस्ती सोबत्याच्या सल्ल्याने त्यांनी परमेश्वरासाठी 'दाइनिची' हा शब्द घेतला. लोक आनंदाने ऐकू लागले. काही बौद्ध भिक्षूंना तर ते आपल्यातलेच वाटले. पुढे, १५५१ च्या सुमारास, झेवियरांना कळले की दाइनिची हे तेथील एका बौद्ध पंथाच्या महान बुद्धाचे नाव आहे. ज्या रस्त्यांवर त्यांनी दाइनिचीची प्रार्थना करा असे सांगितले होते, तेथेच त्यांनी ती करू नका असे सांगितले आणि 'देउस' हा लॅटिन शब्द स्वीकारला. चुकलेला शब्द जाहीरपणे परत घेणारा हा संत सेमिनरीत आम्हांला धाडसी प्रवासी म्हणून शिकवला गेला. त्याचे हे दुसरे धाडस मला आता अधिक मोठे वाटते.

त्यानंतर तीसएक वर्षांनी, १५७९ साली, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले. इंग्लंडात जन्मलेल्या या जेज्वीट धर्मगुरूने आपल्या ओवीत क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या! त्यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले, आणि वाणी अशी घेतली की पुराण ऐकणाऱ्या माणसाला ती परकी वाटू नये. या ग्रंथाचा आपणा सर्वांना अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण त्याच सालसेत प्रांतातील देवळे १५६७ साली पाडण्यात आली होती, हेही विसरता येत नाही. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रींना विनवतो, की जुनी पुराणे आता आम्हांला वर्ज्य, तर त्यांच्या जागी वाचायला आम्हांला काहीतरी द्या. स्टीफन्स यांनी त्या रिकाम्या झालेल्या हातांवर एक मोठी प्रेमाची कृती ठेवली. तरी ज्या घराचे दार मोडले गेले त्याच घरातून वैकुंठ हा शब्द आलेला होता. ज्याच्याकडून शब्द घेतला त्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक होती का, हा प्रश्न आज आपण विचारला पाहिजे. तो स्टीफन्स यांना कमी लेखण्यासाठी नाही. आपल्या हातून काय होते ते तपासण्यासाठी आहे.

दुसरा मार्ग म्हणजे शब्द न घेणे. गोव्याच्या जुन्या कोंकणी प्रार्थनांत पवित्र आत्म्याला कित्येक पिढ्या 'स्पिरिता सांता' असेच म्हणत. त्यात कोणाच्या शब्दाला धक्का लागत नाही, चुकीचा अर्थही शिरत नाही. पण म्हणणाऱ्याला त्यातून अर्थबोध किती होत असेल, कोण जाणे. मुठीत बंद नाणे दिल्यासारखे ते होते.

पंडिता रमाबाईंनी तिसरी वाट काढली, आणि ती मला सर्वांत कष्टाची वाटते. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला संस्कृत विद्वत्तेसाठी 'सरस्वती' म्हणून गौरवले, त्या बाईने उतारवयात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ साली मृत्यूपूर्वी तिने काम पुरे केले. १९२४ साली ते ग्रंथरूपाने बाहेर पडले. संस्कृत शास्त्रांचा दाट रंग असलेले शब्द तिने शक्य तेथे टाळले. ज्याला संस्कृत येत नाही त्याला ते शब्द नुसते भारदस्त वाटतात. तिला प्रत्येक शब्दामागचे दर्शन, त्यावरचे भाष्य, त्यातला वाद ठाऊक होता. तिच्यापुढे मुक्तीतल्या, अक्षरओळख नुकती झालेल्या बायका होत्या. याच बायकांनी त्या छापखान्यात कामही केले. आपले भाषांतर ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच हातांतून ते छापून निघावे, असे भाग्य किती अनुवादकांना लाभते?

शब्द उसना घेण्यातला धोका केवळ आपल्याच माणसांना नसतो, शेजाऱ्यालाही असतो. झारखंडमध्ये कुडुख भाषेतील बायबलात, अनुवाद ग्रंथातील जुन्या कनानी पूजास्थानांचा नाश करण्याच्या आज्ञेपाशी, हिरव्या झाडांच्या जागी 'सरना' हा शब्द आला. सरना म्हणजे तेथील आदिवासींचे पवित्र वृक्षकुंज, त्यांच्या धर्माचे नावच ते. २००८ साली त्यावरून लोक रस्त्यावर आले आणि ती आवृत्ती मागे घेण्याची वेळ आली. अनुवादकाच्या मनात द्वेष होता असे मला वाटत नाही. झाडाला जवळचा, ओळखीचा शब्द शोधताना त्याने शेजाऱ्याचे देवघर उचलून नाशाच्या आज्ञेखाली ठेवले. ओळखीचा शब्द नेहमी सोयीचा असतो. माझे वाक्यही सोयीचेच होते.

व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला दार उघडले, तेव्हापासून रोमही या प्रश्नाशी झगडत आहे. १९६९ च्या सूचनापत्राने आशयावर भर दिला, २००१ च्या सूचनापत्राने शब्दनिष्ठेवर. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी अनुवादाची मोठी जबाबदारी पुन्हा त्या त्या देशांच्या बिशप परिषदांकडे सोपवली. त्याच वर्षी फ्रान्सने आणि पुढे इटलीने प्रभूच्या प्रार्थनेतील मोहासंबंधीचे वाक्य बदलले, कारण परमेश्वरच माणसाला मोहात ढकलतो असा अर्थ त्यातून निघत होता. कोट्यवधी माणसांना तोंडपाठ असलेली प्रार्थना बदलता येते, तर मग एका धर्मगुरूला चार रात्रींत लिहिलेले वाक्य का बदलता येऊ नये?

पण बदलून तिला सांगायचे काय? पहिला मोह असा झाला, की गुरुजींचेच सांत्वन उचलून तिला द्यावे : आत्मा मरत नसतो, तो जुने टाकून नवे धारण करतो. तिला ते कळले असते, पटलेही असते. परंतु ती दुसरी उसनवारी झाली असती. गीतेतला आत्मा आणि आपण ज्याला आत्मा म्हणतो तो, एकच नव्हे. आपल्या श्रद्धेप्रमाणे तो परमेश्वराने निर्माण केलेला आहे, त्या एकाच माणसाचा आहे आणि देहाच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो. गुरुजींची श्रद्धा तिच्या संदर्भातून तोडून माझ्या गरजेसाठी वापरणे म्हणजे त्यांचाही अपमान आणि त्या बाईचीही फसवणूक.

आमच्याच घरात शोधायचे ठरवले, तर मत्तयच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय समोर होता. देहाला मारणारे आत्म्याला मारू शकत नाहीत, असे तेथे प्रभू येशू म्हणतो. पण त्याच वाक्याचा उत्तरार्ध देह आणि आत्मा दोन्हींचा नाश करू शकणाऱ्याची भीती बाळगण्याविषयी आहे. अर्धे वाक्य वाचून थांबावे का? एकदा मी अर्धा मजकूर गाळला होता आणि त्याचे फळ पाहिले होते. म्हणून मी पुढची तीन वचनेही वाचली. तेथे कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्या आहेत, ज्यांतली एकही पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही. आणि भिऊ नका असे सांगणे आहे. भीतीपासून सुरू झालेले ते बोलणे तेथे जाऊन पोचते. मला न्यायचे होते तेथेच ते जात होते. फक्त पूर्ण वाट चालायला हवी होती.

मी तिच्या घरी गेलो. ओसरीवर कापसाचे गाठोडे पडले होते, मुलगा आणि मुलगी अभ्यासाला बसली होती. मी म्हणालो, "ताई, ते वाक्य पुस्तकाचे नाही, माझे आहे. मी ते चुकीचे लिहिले." मग गुरुजींनी सांगितलेला शब्दाचा अर्थ सांगितला, आणि तो कोणी सांगितला हेही सांगितले. धर्मशिक्षणग्रंथातला मी गाळलेला भाग सांगितला. शुभवर्तमानातला उतारा पूर्ण वाचला, उत्तरार्धासकट. तो माणूस आज कोठे आहे हे मला ठाऊक आहे, असे मी म्हणालो नाही. ते परमेश्वराच्या हाती आहे आणि ते हात चिमणीलाही सोडत नाहीत, एवढेच म्हणालो.

ती रडली नाही. तिने मला क्षमा केली, असेही काही म्हणाली नाही. बऱ्याच वेळाने मुलांकडे बोट दाखवून तिने विचारले, "यायले काय शिकवता आता?"

या प्रश्नाला सांत्वनाने उत्तर देता येत नाही. तिने ट्रंकेतून लहानपणची ती पुस्तिका काढली. कोपरे कुरतडलेले, पानांना पिवळेपणा आलेला. मी ती मागितली तर म्हणाली, "नेऊ नका. इथंच खोडा." मी तिच्या मुलीच्या पेनाने ते वाक्य खोडले, वर 'स्वतःचा जीव घेणे' असे लिहिले, गाळलेला भाग समासात उतरवला आणि खाली माझे नाव व तारीख घातली. सत्तावीस वर्षे बिननावाने फिरणाऱ्या त्या पुस्तिकेवर माझे नाव त्या दिवशी प्रथमच आले असे मी म्हणणार होतो. पण तेव्हा सत्तावीस झाली नव्हती, चोविसावे सरत होते. हिशेब काही असो, उशीर झाला होता.

निनावी राहण्यातली ती जुनी नम्रता आता मला पळवाट वाटते. शब्द लागला तर माणसाने कोणाच्या दारी जावे? भाषांतर करणाऱ्याचे दार सापडले पाहिजे.

अलीकडे या सगळ्याची आठवण पुन्हा झाली. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली भाषा बोलणारी माणसे राहतात. दोन-अडीच हजार असतील. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी या भाषेचे नाते सिद्ध झालेले नाही. कोरकूकडून आणि मराठी-हिंदीकडून तिने पुष्कळ शब्द घेतले आहेत. १९६२ साली डच पंडित कॉयपर यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला, पण तिच्या शेजारच्या तालुक्यात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना तिचे नावही ठाऊक नसते. त्या भागात जाणे-येणे असलेल्या एका तरुण धर्मभगिनीने मला विचारले, की प्रभूची प्रार्थना निहालीत करायला मदत कराल का.

मी नाही म्हटले नाही. पण तिला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, त्यांच्याकडे मरण आले की बायका काय बोलतात ते आधी वर्षभर ऐक; आपली प्रार्थना शेवटी त्याच तोंडांतून निघायची आहे. दुसरी, त्यांच्या पूजेतला शब्द घ्यावासा वाटला तर तो ज्यांचा आहे त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखव, आणि त्यांतल्या एखाद्या म्हातारीला तो खोडण्याचा अधिकार दे. तिने स्नानसंस्कार घेतलेला नसला तरी. तिसरी, खाली आपले नाव लिही.

ती हसून म्हणाली, "फादर, मग दहा वर्षे लागतील." मी म्हणालो, रमाबाईंचे उरलेले आयुष्य गेले.

गेल्या दोन नोव्हेंबरला मी दफनभूमीत पोचलो तेव्हा गुरुजी फाटकाशी उभे होते. गावातल्या एका शेतकऱ्यासाठी आलो आहे, म्हणाले. आत गेलो. शिष्यांची नाव वादळात सापडली तो उतारा मी त्या संध्याकाळी वाचला. प्रभू झोपलेला आहे आणि शिष्य त्याला हाका मारतात, की बुडतो आहोत, तुला काळजी नाही का? ग्रीक भाषेत तेथे 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद नाही. मराठीत तो केल्यावाचून पुढे जाता येत नाही. 'आम्ही बुडतो' म्हटले तर प्रभू त्या संकटाच्या बाहेर राहतो. 'आपण बुडतो' म्हटले तर तो त्याच नावेत असतो. मी 'आपण' असे वाचले. गुरुजींनी सांगितलेले त्या शब्दाचे मूळ तेव्हा मनात होते. मेणबत्त्या कोठे कोठे लागल्या होत्या, ते मी मुद्दाम पाहिले नाही.

शेवटी एक विनंती. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीची, पातळ खाकी मुखपृष्ठाची, लेखकाचे नाव नसलेली ती पुस्तिका आपल्यापैकी कोणाच्या घरी, जुन्या जपमाळेच्या डबीखाली किंवा ट्रंकेत असू शकेल. पाचव्या आज्ञेखालचे दुसरे उत्तर पाहा. ते वाक्य असेल तर कृपा करून खोडून टाका, मुलांना जवळ बसवून ते का खोडले हे सांगा, आणि ज्यांनी ते पाठ केले आहे अशी माणसे आपल्या नात्यात, धर्मग्रामात असतील तर त्यांच्यापर्यंत हा निरोप पोचवा. विशेषतः ज्या घरात असे मरण झाले आहे, तेथे आधी जा.